शेऱ्याची जागा

वाहिनीच्या कचेरीत, गोरेगाव पूर्व, चौथ्या मजल्यावर
माझं काम असं : लोक हसायच्या आधी मोजायचं.
शिव्या किती, दारूचे ग्लास किती,
पलंगावर दोघं बसलीत की नुसता पलंगच दिसतो.
सिगरेट दिसली की खाली पट्टी.
मग शेवटचा रकाना :
कुटुंबासोबत पाहण्याजोगी?
हो / नाही / बदलांसह.

या आठवड्यात आलीय घटस्फोटाची विनोदी मालिका.
नवरा भांडुपला तिसऱ्या मजल्यावर,
बायको त्याच इमारतीत पाचव्या,
आणि वकील दोघांचा एकच, फी अर्धी पडते म्हणून.
शिवी एकही नाही. दारू नाही.
पलंगाचीही वाटणी झाल्यामुळे
तो प्रश्नच उरलेला नाही.
नियमानं बघता इतकी सोज्वळ मालिका
मी वर्षभरात पाहिली नव्हती.

तरी साहेब म्हणाले, "एकदा घरी बघा.
घरच्यांबरोबर.
आपला प्रेक्षक जेवता जेवता बघतो हो."

घरच्यांबरोबर.
चेंबूरला, गुरुवारी संध्याकाळी, माझ्या घरी असतात :
मी, नऊ वर्षांचा निहार,
आणि त्याची आजी, म्हणजे माझी सासू,
म्हणजे, होती ती.
या नात्याला आता काय म्हणायचं ते मला माहीत नाही.
वॉचमन वहीत 'पाहुणे' लिहितो
आणि कुमुदताई सही करतात त्याच आडनावानं
जे मीही अजून बदललेलं नाही,
नुसत्या कंटाळ्यानं.

सुरळीच्या वड्यांचा डबा उघडला.
भाग चौथा.
नवरा-बायको कुकर वाटून घेतायत.
त्याला भांडं, तिला झाकण,
आणि शिट्टीवरून जुंपते.
प्रकरण थेट न्यायाधीशांपुढे,
शिट्टी पुरावा म्हणून रुमालात गुंडाळलेली.

निहार हसून हसून सोफ्यावरून खाली घरंगळला.
"आई, आपण वांद्र्याला गेलेलो ना, तसंच!
फक्त तिथं कुणी हसत नव्हतं.
आणि मला खेळायला दिलेल्या गाडीला
एक चाकच नव्हतं."
असं म्हणून त्यानं अजून एक वडी उचलली.

माझ्या हातात पेन.
मी कुमुदताईंकडे पाहिलं.
पदर तोंडाशी, खांदे हलतायत.
झालं, म्हटलं. लिहा 'नाही'.
रिमोट शोधायला लागले.

"थांब गं," डोळे पुसत म्हणाल्या,
"शिट्टी आमच्याकडेच आहे.
तुझ्या त्या पाच लिटरच्या कुकरची.
टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा
घासून वाटीत ठेवलेली, ती तशीच राहिली.
मसाल्याच्या डब्यात आहे, जिऱ्याशेजारी.
दर गुरुवारी पर्समध्ये टाकते
आणि दर गुरुवारी काढून ठेवते.
देऊन टाकली, तर पुढच्या वेळी
काय निमित्तानं येऊ?"

तीन वर्षं मी बाजारातली चाळीस रुपयांची शिट्टी वापरतेय.
नीट बसत नाही ती. बाजूनं वाफ जाते,
भाताला दहा मिनिटं जास्त लागतात,
आणि मी समजत होते, गॅस कमी येतो.

"कुमुदताई, वड्या कोण करणार मग?"
एवढंच सुचलं मला.
"परत लाव ना," निहार म्हणाला,
"तो न्यायाधीश शिट्टी वाजवून बघतो ते."
परत लावलं.
या खेपेला तिघंही हसलो, वेगवेगळ्या जागी.

शुक्रवारी फॉर्म भरला.
शिव्या शून्य. ग्लास शून्य. पट्टीची गरज नाही.
कुटुंबासोबत? मी खूण केली 'बदलांसह'वर.
साहेबांनी चष्मा वर सरकवला.
"बदल कुठले? भाग, मिनिट, सेकंद लिहा."
"मालिकेत एकही नाही," म्हटलं.

फॉर्म परत आलाय,
शेऱ्याच्या रिकाम्या जागेपाशी लाल बाण काढून.
टेबलावर पडून आहे.
उद्या गुरुवार.
बेसन संपलंय का, ते बघायला हवं.